पेवाच्या तोंडाशी

नवऱ्याचं नाव बाईने घेऊ नये म्हणतात. मी घेते. सांगताना 'हे' आणि 'ते' करत बसले, तर ऐकणाऱ्याला कोण कोणता तेच कळायचं नाही. माझा नवरा गोवर्धन. माझा पाठचा भाऊ देवीदास. आणि ज्याच्या पेवापायी हे सगळं झालं, तो आमच्या गावचा भगवंतराव पाटील. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये असंही म्हणतात. ते माझं मी बघून घेईन.

आमचं गाव भातकुलीच्या अंगाला. आम्ही माळी. वांगी, मिरच्या, मेथी, दसऱ्याला झेंडू, आणि बैलगाडीत भरून सगळं अमरावतीच्या बाजारात. राज्य इंग्रजांचं होतं आणि वऱ्हाड नागपूरच्या मध्यप्रांताला बांधलेला. साहेब यायचा तो सारा आणि कापूस बघायला. विहिरीत किंवा पेवात माणूस पडला तर शिपाई यायचा, तोही पंचनाम्याला. त्याच्या आधी काय करायचं ते गावानेच करायचं, आणि आमच्या भागात गाव म्हणजे गोवर्धन. कुठेही माणूस पडला की लोक धावत आमच्या मळ्यात यायचे. मोट थांबायची, मोटेचा तो जाडजूड दोर, म्हणजे नाडा, सुटायचा, आणि गोवर्धन तो खांद्यावर टाकून चालू लागायचा. हे काम माझ्या सासऱ्यांपासूनचं, नत्थुजींपासूनचं. पैसा घ्यायचा नाही, एक नारळ घ्यायचा, अशी त्यांची रीत. माझ्या घरात चटणीला खोबरं कधी कमी पडलं नाही, एवढीच काय ती या कामाची कमाई.

पेव म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. जमिनीच्या पोटात खोदलेलं ज्वारीचं कोठार. तोंड एका माणसापुरतं, आत रांजणासारखं फुगलेलं. ज्वारी भरून तोंड मातीने लिंपून टाकायचं आणि भाव आला की उघडायचं. पण महिनेमहिने कोंडलेल्या दाण्याने आतली हवा मरून जाते. उघडल्याबरोबर जो उतरतो तो खाली बसतो, आणि बसला की उठत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही बसतो. असे एकावर एक गेलेले लोक नत्थुजींनी पाहिले होते. म्हणून त्यांनी मुलाला एक वाक्य घोकून दिलं होतं, "जित्यासाठी थांबू नोको, मेल्यासाठी धावू नोको."

म्हणजे असं, की खालून कण्हण्याचा आवाज येत असेल तर काही बघायचं नाही, श्वास कोंडून उतरायचं. आवाज नसेल तर आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. लिंबाचे डहाळे दोराला बांधून खालीवर करायचे, पाणी शिंपायचं, आतली हवा हलवायची, आणि कंदील तळाशी जळता राहिला की मगच उतरायचं. त्या थांबण्यात एखादा आवाज न करणारा जिवंत माणूस कधी राहूनही गेला असेल. नत्थुजी म्हणायचे, एकापायी दोन द्यायचे नाहीत.

आता आवाज येतो की नाही, हे कोणी ठरवायचं? उतरणाऱ्याने नाही. त्याच्या कानात त्याचंच काळीज वाजत असतं. भ्यायला असेल तर त्याला काही ऐकू येत नाही, आणि दया आली असेल तर नाही ते ऐकू येतं. म्हणून कान लावायचा नाडा धरणाऱ्याने. आणि नाडा धरायचा बायकोच्या भावाने. सख्खा भाऊ सुद्धा वाटणीपायी मूठ सैल करील, पण बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत आहे त्याची मूठ सुटत नाही, असा त्यामागचा हिशेब. माझं लग्न गावातल्या गावात झालं, त्यात हीही एक सोय पाहिली होती म्हणे. देवीदास मिसरूड फुटल्यापासून गोवर्धनचा नाडा धरायचा. आई गेल्यावर त्याला मी कडेवर वाढवला होता. दोघं खांद्याला खांदा लावून निघाले की मला वाटायचं, माझं सासर आणि माहेर एका दोराला बांधलेलं आहे. वाटायला काय जातं!

त्या वर्षी चैत्रात पाटलाने पेव उघडलं. अकोल्याच्या व्यापाऱ्याला ज्वारी दिलेली होती, गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. हवा खेळू द्यायला सवड कुणाला? पाटलाने आपल्या वर्षाच्या बोलीवरच्या सालदाराला, सूर्यभानला, आत उतरवलं. सूर्यभान खाली बसला.

मळ्यात माणूस धावत आला तेव्हा गोवर्धन वांग्याच्या वाफ्यात होता. नाडा घेऊन तो गेला, मी मोटेचे बैल सांभाळत मागे राहिले. त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. ऐकलं ते असं, की देवीदास आधीच पेवाशी पोचला होता, आणि गोवर्धनने विचारल्यावर त्याने सांगितलं, "कन्हून राहिला भाऊजी. उतरा लवकर." कंदील सोडलाच नाही. गोवर्धन श्वास कोंडून उतरला, सूर्यभानला नाडा बांधला, तो वर गेला, मग नाडा पुन्हा खाली आला आणि गोवर्धन वर आला. आला म्हणजे ओढून काढला. तोंड काळंनिळं, डोळे फिरलेले. सूर्यभान वर आल्यावर लिंबाखाली मेला, असं पाटलाने सगळ्यांना सांगितलं. शिपायालाही तेच सांगितलं. गाड्या भरल्या आणि अकोल्याच्या वाटेला लागल्या.

गोवर्धन वाचला. मी देवीला नारळ फोडला, देवीदासला पुरणपोळी करून घातली. माझ्या कुंकवाला त्याने ओढून वर आणलं होतं ना.

पण जो वर आला तो माझा नवरा नव्हताच म्हणा. उभं आयुष्य विहिरीवर काढलेला माणूस, तो विहिरीच्या काठाशी जाईना. मोट हाकायला गडी ठेवावा लागला. नाडा चाकावरून करकरला की हा मिरच्यांच्या वाफ्यात हातातलं काम टाकून ताठ उभा राहायचा, कपाळाला घाम. दाराला कडी लावू द्यायचा नाही. पलीकडच्या गावात एक बाई विहिरीत पडली, लोक बोलवायला आले, तर घरात असून मला सांगायला लावलं की बाजारात गेलेत. लोकांना काय, त्यांना सगळं कळतं. कट्ट्यावर बोलणं सुरू झालं की नत्थुजीचा पोरगा भेदरला.

मीही बोलले. माझी जीभ काही मऊ नाही. "बांगड्या भरा हातात," म्हणाले, "माझ्या काढून देते." तो हसलाही नाही आणि चिडलाही नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं, पण मला कसं कळणार? मला सांगितलं होतं कोणी?

देवीदास मात्र भरभराटीला लागला. पाटलाचा नदीकाठचा बगीचा, संत्र्याची झाडं आणि बांधीव विहिरीसकट, त्याला करायला मिळाला. तो बगीचा मागायला आमच्यातली निम्मी माणसं पाटलाच्या ओट्यावर बसून आली होती. देवीदास घरी यायचा तो संत्री घेऊन. त्याची पायरी वाजली की गोवर्धन भरल्या ताटावरून उठायचा. मला वाटायचं, मेव्हण्याचं बरं झालं ते याला बघवत नाही. मी संत्री सोलून मुद्दाम त्याच्यासमोर ठेवायची.

"बाई, भाऊजीले सूर्यभाननं धरलं," देवीदास एक दिवस म्हणाला. "अर्ध्यात मेलेला होता ना तो. म्या नांदगाव खंडेश्वराचा भगत सांगून ठेवला हाये."

भगत आला. लिंबू, नारळ, काळी कोंबडी, सगळा खर्च देवीदासने केला. माझ्या नवऱ्याला अंगणात बसवून त्याच्या नाकाशी मिरच्यांची धुरी दिली. केस धरून विचारलं, "कोन हायेस तू? सांग, कोन हायेस?" देवीदास शेजारी हात जोडून उभा. गोवर्धनच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तोंडातून शब्द नाही. एकदा फक्त त्याने मान वळवून देवीदासकडे पाहिलं, आणि देवीदासने मान खाली घातली. मला वाटलं, भाऊ माझा हळवा आहे.

दसऱ्याच्या आधी झेंडू तोडायला मी बाया लावल्या होत्या. त्यात सूर्यभानची बायको पार्बताबाई होती. नवरा गेल्यावर पाटलाने तिला कामावरून काढलं होतं, मिळेल त्या मजुरीला यायची. कामाला चांगली, पण ती दिसली की मी तोंड फिरवायची. त्या दिवशी तिच्या हातून फुलांची पाटी सांडली आणि माझं तोंड सुटलं.

"तुह्या नवऱ्यानं माह्या मानसाले धरलं, ते पुरे नाही झालं काय? आता माहा मालबी मातीत घाल!"

पार्बताबाई खाली बसून फुलं वेचत होती. ती तशीच थांबली. मग उठली, आणि कधी वर मान न करणारी ती बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माह्या मानसानं कोनाले नाही धरलं," ती म्हणाली. "मेलेला मानूस हात लावत नसते बाई. तुमच्या भावाले इचारा."

"काय इचारू?"

"म्या पेवाच्या तोंडाशीच पडली होती. कान लावून. माहा नवरा होता तो, त्याचा हूं आला असता तं मले नसता आला आयकू? काहीच नोयतं. तुमचा भाऊ आला तवा म्या म्हणलं, भाऊ, गेला तो. गोवर्धनभाऊले उतरवू नोका आता, थो बी जाईन. तं पाटील त्याले बाजूले घेऊन गेला. परत आला आन मले म्हणे, गप बस. मंग गोवर्धनभाऊ आले. तुमचा भाऊ म्हणे, कन्हून राहिला."

"खोटं बोलतेस तू."

"बरं," पार्बताबाई म्हणाली, आणि पुन्हा खाली बसून फुलं वेचू लागली.

खोटं बोलणारी बाई अशी वागत नाही. ती शपथा घेते, छाती बडवते. मी तिथेच बांधावर बसले, आणि एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. पेवात मेलेला माणूस असला तर पंचनामा होईस्तोवर पेवाला हात लावता येत नाही, आणि मढ्याखालची ज्वारी कोणी विकत घेत नाही. तोच माणूस वर येऊन लिंबाखाली मेला असला तर ज्वारी शुद्ध. गाड्या उभ्या होत्या. थांबायला सवड नव्हती. आणि न थांबता उतरणारा माणूस एकच होता, तोही एकाच शब्दावर उतरणारा. तो शब्द पाटलाने विकत घेतला. किंमत मी रोज सोलून नवऱ्यासमोर ठेवत होते.

तशीच देवीदासच्या घरी गेले. तो ओसरीवर सुतळी वळत होता, त्याची बायको सुभद्रा दाराशी तांदूळ निवडत होती.

"सूर्यभान कन्हत होता काय रे?"

त्याने वर पाहिलं आणि मला उत्तर मिळालं. हा पोरगा मी कडेवर वागवला आहे. गूळ चोरून खाल्ला की असाच बघायचा.

"मेला तं नाही ना भाऊजी?" तो म्हणाला. "नाडा सोडला काय म्या? हाताची सालटी निघाली ओढू ओढू. तुले इधवा होऊ देल्लं काय म्या, सांग ना!"

"लबाडा, कंदील तं सोडू द्याचा होता."

"कंदील इझला असता तं थांबा लागलं असतं. पाटील म्हणे, थांबला तं बगीचा दुसऱ्याले. बाई, तुहा नवरा वाघ हाये, तो येते वर, हे मले ठाऊक होतं. भरवशावरच केलं ना म्या!"

त्याच्या भरवशावर! चूल पेटवायला दुसऱ्याचं घर जाळायचं आणि वर म्हणायचं, घर मजबूत होतं. मी त्याच्या अंगणात थुंकले. सुभद्रा म्हणाली, "बाई, लेकरांचं घर हाये." मी म्हणाले, माझंही माहेर होतं. त्या भाऊबिजेला मी ताट केलं नाही. भिंतीवरच्या चंद्राला ओवाळलं.

पण खरा राग मला घरी आल्यावर आला. गोवर्धन गोठ्यात बैलांना कडबा टाकत होता.

"तुमाले ठाऊक होतं?"

काय, हे त्याने विचारलं नाही. कडब्याची पेंढी हातात तशीच. "खाली हात लावला तवाच समजलं," तो म्हणाला. "लाकूड झाला होता सूर्यभान. कवाचाच."

"मंग वर आल्यावर काहून नाही बोलले?"

"तुहा एकच भाऊ हाये."

"म्हनून?"

त्याने पेंढी खाली ठेवली. मग त्या सगळ्या महिन्यांत जेवढा बोलला नव्हता तेवढा एका दमात बोलला. "मले अंधाराचं भेव नाही वाटत जमुना. हवेचंबी नाही. म्या सूर्यभानले बांधलं, नाडा वर गेला. मंग म्या खाली एकटा. देवीदास खोटा बोलला हे मले ठाऊक झालं होतं. आता त्यानं नाडा टाकला तं सारं मिटते, त्याले कोनी इचारनार नाही. वर पाह्यत होतो. नाडा येते का नाही येत. आला. मंग त्याच नाड्यावर वर याचं होतं. त्याच्याच हातानं. तवापासून नाडा करकरला की मले वाटते, म्या अजून खालीच हावो."

माझं काळीज तुटलं, हे खरं. आणि त्याच वेळी त्याच्या पाठीत ती पेंढी घालावी असंही वाटलं, हेही खरं. भावाने एकदा फसवलं. याने रोज फसवलं. मी बांगड्या भरा म्हणाले, ऐकून घेतलं. भगताने धुरी दिली, बसून राहिला. मी त्या चोराला पुरण वाढत होते आणि हा माझं माहेर राखत होता, जसं काही मला खरं पचलं नसतं. माझ्या घरात मलाच परकी करून ठेवली होती.

"पुन्हा मले असं राखू नोका," मी म्हणाले. "खरं काय असन ते माह्या तोंडावर फेका." त्याने मान हलवली. त्या दिवसापासून तो दाराला कडी लावू देऊ लागला. विहिरीशी मात्र गेला नाही.

पुढचा चैत्र आला. पाटलाचं पेव उघडायला गावात माणूस मिळेना. पार्बताबाई आता गप्प राहिलेली नव्हती, आणि मीही चार ठिकाणी बोलले होते. एकही सालदार पेवाकडे फिरकेना. व्यापाऱ्याच्या गाड्या पुन्हा येऊन उभ्या. तेव्हा पाटलाने देवीदासला बोलावलं. बगीचा खातोस, पेव कोण उघडील? देवीदास जन्मभर पेवाच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस. थांबायचं असतं हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. पण जो एकदा पाटलाच्या घाईत चालला, तो पुढे थांबणार कुठल्या तोंडाने?

सुभद्रा मळ्यात धावत आली ती पदराचं भान नसलेली. माझ्याकडे बघितलं नाही, गोवर्धनच्या पायांवर पडली. "भाऊजी, ते पेवात बसले!"

गोवर्धन मोटेकडे बघत उभा राहिला. मी त्याचे हात बघत होते. ते त्याने धोतराला पुसले. तो विहिरीकडे चालत गेला, वर्षभरात पहिल्यांदा, आणि नाडा सोडू लागला. मी कंदील घेतला. मोटेवरचा गडी पुंजाराम मागून आला.

पेवाशी गर्दी होती. पाटील उपरण्याने वारा घेत होता. आम्हाला पाहून पुढे आला. "लवकर कर गोवर्धन! कन्हून राहिला तो, आताच आयकलं म्या."

गोवर्धनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. नाड्याचं टोक माझ्या हातात दिलं. "जमुना, कान लाव."

"मी? अवो, भाऊ हाये माहा!"

"म्हनूनच," तो म्हणाला. "तू सांगशीन तसं करतो."

मी पालथी पडले. पेवाच्या तोंडातून आंबूस, उबट वास येत होता. कान आत धरला. आधी लोकांचा गलका, मग तोही बंद झाला. आणि आवाज आला. धप्, धप्, धप्. माझं काळीज उडालं. मग कळलं की तेच वाजतंय. नत्थुजींचं म्हणणं खोटं नव्हतं. मी श्वास धरला. "देव्या," हाक मारली. लहानपणी मारायची तशी. "देव्या रे."

सुभद्राने माझे पाय धरले होते. "बाई, हो म्हणा. तुमच्या पाया पडतो, हो म्हणा!"

हो म्हणणं किती सोपं होतं, काय सांगू. एक शब्द. तो उतरला असता. वाघ आहे, आला असता वर. अगदी हेच माझ्या मनात आलं, देवीदासचंच वाक्य, शब्दन् शब्द. मी वर पाहिलं. गोवर्धन श्वास भरून घेऊन उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत.

"नाही येत आवाज," मी म्हणाले.

सुभद्रा किंचाळली. गोवर्धनने श्वास सोडला आणि कंदील बांधून आत सोडला. मध्यावर पोचला नाही तोच विझला. पुंजारामने लिंबाचे डहाळे आणले. पार्बताबाई न सांगता घागरी भरभरून आणू लागली. तिने वर्षापूर्वी हे सांगितलं होतं, तेव्हा तिला गप्प बसवलं होतं. डहाळे खालीवर, खालीवर. कंदील सोडायचा, विझायचा, पुन्हा पेटवायचा. सुभद्रा माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती आणि मी मारू देत होते. पाटील कधी निघून गेला कोणाला कळलंही नाही. उन्हं उतरायला लागली तेव्हा कंदील तळाशी गेला आणि जळत राहिला.

गोवर्धनने नाडा कमरेला बांधला. ओढायला पुंजाराम आणि आणखी चौघं होते, पण पुढची मूठ माझी. खाली जाताना तो माझ्याकडे बघत नव्हता. नाड्याकडेही बघत नव्हता. ज्याला मागे कोण आहे ते ठाऊक असतं, तो असा उतरतो.

देवीदास वर आला. मग गोवर्धन वर आला. ज्वारीचे दाणे माझ्या भावाच्या केसांत अडकले होते, ते मी एकेक करून काढले. सुभद्राने माझा हात झटकला. "तुमी मारलं," ती म्हणाली. "हो म्हणल्या असत्या तं वाचले असते. सूड उगवला बाई तुमी." गर्दीतलं कोणी तिला गप्प कर म्हणालं नाही. तेराव्याला मला बोलावणं आलं नाही.

पंचनामा उरकून, जाळून आल्यावर गोवर्धनने आमच्या विहिरीच्या काठावर उभं राहून, वाकून, स्वतः पाणी शेंदलं आणि डोक्यावर ओतलं. नाडा त्याने चाकावर चढवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशीपासून मोट तोच हाकू लागला. पुढे कित्येक वर्षं तो विहिरींत आणि पेवांत उतरला, माणसं काढली, नारळ आणले. नाडा प्रत्येक वेळी मी धरला. बाईने नाडा धरलेला आमच्या भागात कोणी पाहिला नव्हता, पण बोलायची छाती कोणाची झाली नाही. माझा नवरा मला परत मिळाला, हे मी नाकारत नाही.

त्या संध्याकाळी तो आंघोळ करत होता तेव्हा मी एकच विचारलं होतं.

"गार होता काय?"

"गार होता," तो म्हणाला.

"लाकूड?"

"गार होता म्हनलं ना जमुना. कवाचाच." आणि त्याने आणखी एक घागर डोक्यावर ओतली, त्यामुळे मला त्याचं तोंड दिसलं नाही.

खरं असेल. खरं माझ्या तोंडावर फेकायला मीच सांगितलं होतं त्याला, आणि त्याने मान हलवली होती. पण हाच माणूस माझा एकच भाऊ आहे म्हणून एवढे महिने तोंड मिटून बसला होता, धुरी खाऊन, माझे टोमणे खाऊन. मला राखायचं म्हटलं तर तो काय करू शकतो ते मी पाहिलं आहे. माझ्या एका शब्दावर तो आयुष्यभर अंधारात उतरत राहिला, कधी मागे वळून बघितलं नाही. आणि मी अजूनही, ज्वारी निवडताना, त्याचा एक शब्द उलटापालटा करून बघते.